पेरूवर आलेला आळ

पडसं हा आजार आहे असं आमच्या घरात कुणी मानत नसे. ताप आला तर तो आजार, हगवण लागली तर तो आजार. नाक वाहायला लागलं तर ते नुसतं वाहत असायचं आणि आठ दिवसांनी आपोआप आटायचं. कनेरगाव नाक्यावर माझ्या वडिलांचं, नानांचं, चहा-भज्यांचं हॉटेल होतं. पुढं पत्र्याचं छप्पर, चार बाकडी आणि मातीची भट्टी. मग गोणपाटाचा पडदा, आणि पडद्यामागं दोन खोल्यांचं आमचं घर. हिंगोलीहून वाशिमकडं आणि वाशिमहून हिंगोलीकडं जाणारे ट्रक आमच्या दारात थांबायचे. सकाळी जाग यायची ती नाना भट्टीतली राख खरवडायचे त्या आवाजानं. मग ब्रेकचा फुसकारा, चपलांची फरफट आणि खोकले. कोण आलं ते मला अंथरुणातच कळायचं. एकाचा खोकला कोरडा होता, फाटक्या पत्र्यासारखा. एक ड्रायव्हर लागोपाठ सहा-सात शिंका द्यायचा आणि प्रत्येक शिंकेमागं ‘या अल्ला’ म्हणायचा. शाळेत जायच्या आधी बाकड्यांवरचे ग्लास गोळा करायचे आणि बादलीत बुचकळून पालथे घालायचे हे माझं काम. सकाळी भरलेली बादली दुपारपर्यंत तीच असायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

नानांच्या मते पडसं अंगावर वारं घेतल्यानं व्हायचं, नाहीतर संध्याकाळी ताक पिल्यानं, आणि सगळ्यात हमखास पेरूनं. उपायही घरचेच होते. माय हुलग्याचं माडगं करायची, वर लसणाची काळपट फोडणी, आणि ते इतकं ऊन असायचं की ताटलीच्या कडेनं भुरकावं लागायचं. सुंठ-गुळाची गोळी जिभेखाली ठेवायची. तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापवून नाकाला, कपाळाला शेकायची. मला तर पडसं झाल्यावर बरंच वाटायचं, कारण माडग्याची खरवड मला मिळायची.

आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर मी याचा विचार करते. जन्मभर आरोग्यसेविकेची नोकरी केली, पण पडशाबद्दल जे कळलं ते बरंचसं नंतर, वाचून वाचून. या दुखण्याला थंडीचं नाव अर्ध्या जगानं दिलं आहे. आमच्याकडं निजामाच्या काळापासून सर्दी म्हणतात, आणि फारसीत सर्द म्हणजे गारच. इंग्रजांनीही तेच नाव ठेवलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांच्या देशात एका रिकाम्या लष्करी दवाखान्यात माणसं हौसेनं जाऊन राहायची. काहींच्या नाकात पडशाच्या माणसाच्या नाकातलं पाणी थेंब थेंब सोडायचे, काहींना आंघोळ घालून ओल्या अंगानं गार वाऱ्यात उभं करायचे. ओल्यानं उभे राहिलेले नुसते कुडकुडले. थेंब गेलेल्यांपैकी कितीतरी जण शिंकायला लागले. उत्तरेच्या बर्फातल्या बेटांवर तर माणसं सबंध हिवाळा पडशाशिवाय काढायची, आणि उन्हाळ्यात पहिलं जहाज धक्क्याला लागलं की थोड्याच दिवसांत गावच्या गाव नाक पुसायला लागायचं. वारं, ताक, पेरू यांचा त्यात काही हात नव्हता. माणसाचं पडसं माणसाकडून येत होतं. हे वाचलं तेव्हा मला आमची ग्लासांची बादली आठवली, आणि त्या हिवाळ्यातलं बाळ.

माझ्या पाठीवरची दोन लेकरं राहिली नव्हती. त्यामुळं त्या हिवाळ्यात मायला मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवायलाही सगळे भीत होते. बारसं लांबवलं होतं. नुसतं ‘बाळ’ म्हणायचे, तेही हळू. मायचं माहेर उरलं नव्हतं, म्हणून जवळच्याच गोरेगावहून नानांची थोरली बहीण बाळंतपण करायला आली. गंगाआत्या उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. आल्या दिवशीच तिनं आतल्या खोलीच्या खिडकीत चिंध्या कोंबल्या आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. निखाऱ्यांवर ओवा, लसणाची टरफलं, धूप. त्या खोलीत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मायला दोन वेळा बाजरीची भाकर, शेपूची भाजी आणि डिंकाचा लाडू. बाळाला आत्या पायांवर घेऊन तेलानं चोळायची तेव्हा तिचे हात इतके हळू फिरायचे की ते तिचेच आहेत का असं वाटावं.

बाळ आठ-दहा दिवसांचं असताना नाक्यावर खोली घेऊन राहणाऱ्या इंगोले सिस्टर बघायला आल्या. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, छातीवर पिनेनं लावलेलं घड्याळ. त्यांनी बाळाला वरखाली तपासलं आणि नानांना पडद्यापाशी बोलावलं.

“खिडकी मोकळी ठेवा. धुरानं लेकराला तकलीफ होते. आन् ज्याला पडसं असंल त्यानं बाळाला घेऊ नका. लागतंय.”

नाना हसले. “पडसं का खरूज हाये सिस्टर, लागायला? हितं दिवसाला शंभर माणसं शिंकून जातेत.”

“म्हणून तर सांगून राहिले, नाना.”

सिस्टर गेल्यावर आत्यानं चिंध्या परत कोंबल्या. मी पडद्याला धरून उभी होते. घरातल्या मोठ्यांनी ते बोलणं तिथंच सोडून दिलं. मला मात्र ते शब्द न् शब्द पाठ झालं. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी जंतू शिकवले होते आणि सिस्टरांच्या छातीवरचं घड्याळ मला फार आवडलं होतं. एवढंच कारण असेल.

आठवडाभरात मला पडसं झालं. मी दोन दिवस बाजेपाशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी नाना भट्टीवर होते, आत्या दळण घेऊन गिरणीत गेली होती. माय भिंतीकडं तोंड करून झोपली होती आणि बाळ कुरकुरायला लागलं. आधी बारीक, मग जरा मोठ्यानं. मी त्याला उचललं. सिस्टरांचं बोलणं त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात होतं, हे मी आज लपवत नाही. मनाशी म्हटलं, तोंड बाजूला ठेवलं की झालं. त्याला खांद्यावर टाकून खोलीत चार फेऱ्या मारल्या. त्याचं नाक माझ्या मानेत. मध्येच शिंक आली तेव्हा मान वळवली आणि हातानं नाक पुसलं, आणि तो पुन्हा कुरकुरला म्हणून त्याच हाताची करंगळी त्याच्या तोंडात दिली. तो ती चोखत झोपला. मायच्या शेजारी त्याला परत ठेवताना मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला होता.

तीन दिवसांनी बाळाचं नाक वाजायला लागलं. आधी नुसतं सूं सूं. मग दूध ओढता ओढता तो छाती सोडून द्यायचा, मान मागं टाकायचा, आणि श्वास घेऊन झाला की रडायचा. एवढुशी लेकरं श्वास घेतात ती नाकानंच. तोंडानं घ्यायचा ही अक्कल त्यांना अजून आलेली नसते. मोठ्या माणसाचं नाक चोंदलं तर नुसता वैताग होतो. महिन्याच्या आतल्या लेकराला दूध प्यावं की श्वास घ्यावा यातलं एकच काहीतरी करता येतं. हे मी पुढं शेकडो आयांना समजावून सांगितलं. तेव्हा मी फक्त बघत होते.

“काय खाल्लं तू?” आत्यानं मायला विचारलं.

मायनं बाळाला कुशीत जवळ ओढलं.

“खाल्ल्याबिगर लेकराला व्हत न्हाई. काय खाल्लं ते सांग.”

“पेरू,” माय म्हणाली. “अर्धाच. टोपलीवाली आल्ती.”

आत्यानं कपाळाला हात लावला. नाना पडद्यापलीकडून ऐकत होते. त्यांनी झारा कढईत आपटला. त्या दिवसापासून मायचा लाडू बंद झाला, भाजी बंद झाली, नुसती भाकर आणि ऊन पाणी. जो येईल त्याला नाना सांगायचे, बाळंतिणीनं पेरू खाल्ला. माय खाली मान घालून ऐकायची. आणि त्या सगळ्या घरात मला एकटीला माहीत होतं की पेरूचा काही संबंध नाही. माझ्याकडं कुणी बोटसुद्धा दाखवत नव्हतं. कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. भीती काय असते ते मला त्या चार दिवसांत कळलं. मी पडद्याअलीकडं बसून त्याचा श्वास ऐकायची. ट्रक आला की इंजिनाच्या घरघरीत तो ऐकू यायचा नाही, आणि ट्रक जाईपर्यंत मलाही श्वास घेववत नसे. शाळेत जायचं मी पोट दुखतंय सांगून टाळलं. दुखतही होतं.

चौथ्या दिवशी सकाळी आत्यानं बाळाचं दुपटं उघडलं आणि तशीच थांबली. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि पोट वर उडत होतं. नाकपुड्या फुलत होत्या. रडायचंही त्यानं सोडलं होतं.

“डबा उडून राहिला,” आत्या म्हणाली. लेकराच्या छातीत असं भरलं की आमच्याकडं त्याला डबा म्हणत, आणि त्यावरचा उपाय सगळ्यांना माहीत होता. आत्यानं पुरचुंडीतून बिब्बा काढला, दाभणाला टोचला आणि दिव्यावर धरायची तयारी केली. त्याचं काळं तेल तापून थेंबाथेंबानं गळतं. तो थेंब पोटावर द्यायचा.

“न्हाई,” माय म्हणाली. “डागायचं न्हाई.”

नाना आत आले. त्यांनी सदरा वर केला. बेंबीच्या भोवती तीन काळपट खुणा होत्या; आंघोळीच्या वेळी मी त्या रोज बघायची आणि कधी विचारलं नव्हतं.

“माह्या मायनं डागलं म्हणून मी हाये,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त भीती वाटली. “मागच्या बारीला तू डागू देल्लं न्हाई. काय झालं?”

माय बाळावर वाकली. आज इतकी वर्षं या कामात घालवूनही मला नानांचा राग करता येत नाही. जी लेकरं डागूनही गेली ती सदरा वर करून दाखवायला येत नाहीत. हे त्यांना कोण सांगणार होतं?

“नाना, मी सिस्टरला आणते,” मी म्हणाले.

“जा, आण,” नाना म्हणाले. आत्या दिव्याची वात पुढं सारत होती. “तवर दम धरंन का ते?” ती म्हणाली.

मी पळाले. सिस्टरांच्या खोलीला कुलूप. शेजारच्या टायरवाल्यानं सांगितलं, त्या वस्तीवर लेकरांना डोस पाजायला गेल्यात. वस्ती म्हणजे रस्ता सोडून शेतातनं अर्धा कोस. तुरी माझ्या डोक्याच्या वर होत्या, शेंगा तोंडावर आपटत होत्या, नाक माझंही अजून वाहत होतं आणि पुसायला थांबायची सोय नव्हती. सिस्टर एका खाटेवर बसून वहीत लिहीत होत्या. मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांनी ‘बिब्बा’ एवढा शब्द ऐकला आणि पिशवी उचलली.

परत येताना त्या इतक्या झपाट्यानं चालत होत्या की मला मागं मागं पळावं लागत होतं. तुरीच्या मधोमध मी सांगून टाकलं. “सिस्टर, पेरूनं न्हाई झालं. म्या घेतलं होतं त्याला. माझं पडसं.”

त्या थांबल्या नाहीत. “तुला कुणाकडनं लागलं?”

“म्हाईत न्हाई. ग्लास धुते मी.”

“आन् त्या ड्रायव्हरला कुणाकडनं लागलं?”

मी तोंडावरची तुरीची फांदी बाजूला केली.

“ते शोधायला गेलीस तर वाट संपायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “पाय उचल.”

बिब्ब्याचा वास दारातच आला. बाळाच्या पोटावर दोन डाग पडले होते. तिसरा पडला नव्हता, कारण मायनं त्याच्या पोटावर स्वतःचा तळहात पालथा ठेवला होता आणि थेंब तिच्या हातावर पडला होता. आत्या भिंतीला टेकून बसली होती, दाभण तिच्या हातातून गळून जमिनीवर पडलं होतं. ती रडत होती. बाळ जिवंत होतं.

सिस्टरांनी शेगडी उचलून बाहेर ठेवली, खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या. मला उकळून गार केलेलं पाणी आणि चिमूटभर मीठ आणायला सांगितलं. कापसाच्या बोळ्यानं त्या खारट पाण्याचे थेंब नाकात सोडले, रबरी फुग्यानं शेंबूड ओढून काढला. मग छातीवरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. “मी सुरू म्हनलं की सेकंदाचा काटा बघ. एक फेरी झाली की सांग.” त्या बाळाच्या पोटाकडं बघत ओठांत श्वास मोजत राहिल्या. माझ्या हातात तो काटा इतका हळू सरकत होता की घड्याळ बंद पडलं की काय असं वाटलं.

“झाली,” मी म्हणाले.

“चौऱ्याहत्तर,” सिस्टर नानांना म्हणाल्या. “साठाच्या वर जायला न्हाई पाहिजे. हिंगोलीला न्यावं लागंल. आत्ताच.”

बाहेर एक ट्रक चहाला थांबला होता. नाना तसेच भज्यांच्या पिठाच्या हातानं ड्रायव्हरपाशी गेले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण त्या माणसानं हातातला भरला ग्लास बाकड्यावर ठेवला आणि केबिनचं दार उघडलं. “बैठो अम्मा, खिडकी बंद कर लेता मैं,” तो मायला म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, “खिडकी राहू द्या.” माय, सिस्टर आणि नाना गेले. बाळाचं दुपटं मायच्या पदराखाली होतं. मला ते जाताना दिसलंसुद्धा नाही.

घरी मी आणि आत्या राहिलो. ते दोन दिवस त्या चार दिवसांपेक्षा वाईट होते. आत्या भाकरी थापायची, मी काटवटीपाशी बसायची, आणि आम्ही दोघी रस्त्यावरच्या प्रत्येक इंजिनाला माना वर करायचो. बातमी आली तर ती ट्रकनंच येणार होती. आत्या एकदाच बोलली. “मव्हं पहिलं लेकरू असंच गेलं,” ती म्हणाली. “मला कोनी डागायला शिकवलं नव्हतं तवा.” मग बऱ्याच वेळानं, “पेरू खाऊ न्हाई गं बाळंतपनात.” मला सांगावंसं वाटलं. मी भाकर उलटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हिंगोलीकडून आलेल्या एका ड्रायव्हरनं खाली न उतरता हाक मारली, बच्चा दूध पी रहा है बोले. आत्यानं टोपलीतल्या भाकरी तशाच उचलून त्याच्या हातात दिल्या.

सरकारी दवाखान्यात बाळाला प्राणवायू लावला होता, इंजेक्शनं दिली होती. आठव्या दिवशी माय त्याला घेऊन आली, आणि मग बारसं झालं, नाव नंदकुमार. दोन डाग त्याच्या पोटावर राहिले, एक मायच्या हातावर. आत्या मरेपर्यंत सांगत राहिली की डागलं म्हणून पोरगं वाचलं, आणि नानांनाही तसंच वाटत होतं. मी नर्सिंगला जाऊन आल्यावर सुट्टीत त्यांना एकदा समजावून पाहिलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “तुही सिस्टर यायच्या आधीच दोन डाग पडले होते, बराबर?” खरं तर तो कशानं वाचला हे मलाही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. माझ्या नाकातला तो विषाणू शंभरावर जातींपैकी कोणता होता कोण जाणे. कितीतरी लेकरं अशा दुखण्यातून आपल्याआपणही उठतात. मला इतकंच माहीत आहे की नंतर नोकरीत प्रत्येक बाळंतिणीच्या घरी गेले की मी आधी खिडकी उघडायची आणि मग श्वास मोजायची.

माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी करोना आला, त्या वर्षी माय माझ्याजवळ होती. हॉटेल कधीच बंद झालं होतं, नाना गेले होते. मी दिवसभर गावात फिरून, कुणी शिंकलं तर बाजूला व्हा, हात धुवा, म्हाताऱ्यांना जपा, हे सांगून यायची आणि मायच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून जेवायची. हा नवा रोग पडशाच्याच एका कुळातला, असं मी तिला एकदा जेवता जेवता सांगितलं. त्या कुळातले काही तर आपल्या नाकात वर्षानुवर्षं येऊन-जाऊन असतात. ती ऐकत होती. आणि मग, का ते मला माहीत नाही, मी सांगितलं. दुपार, गिरणी, शिंक, करंगळी. म्हणाले, “माय, पेरूनं न्हाई झालं ते. तुला उगीच बोलणी बसली. मला म्हाईत होतं आन् मी बोलले न्हाई.”

माय पलंगावर बसून हातावरचा तो जुना डाग अंगठ्यानं चोळत होती.

“मी जागीच होते,” ती म्हणाली. “तू त्याला उचललं तवा. तुही शिंक बी ऐकली म्या. सिस्टरचं बोलनं बी ध्यानात होतं.”

“मग काहून बोलली न्हाई?”

“चार रातीची झोप नव्हती. म्हनलं, घेऊ दे घटकाभर.” तिनं उशी पाठीशी ओढली. “मंग आत्यानं इचारलं, काय खाल्लं. म्या म्हनलं, पेरू तर पेरू.”

मी ताट बाजूला सारलं. मायनं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ, जणू उंबऱ्यापलीकडं साठीला टेकलेली बाई नाही, ग्लास गोळा करणारी पोर बसली होती.

“तुह्या पडशाला तवा कोनी माडगं करून देल्लं होतं का गं?” तिनं विचारलं.

“न्हाई,” मी म्हणाले.